एक जादा शून्य आणि खुली राहिलेली मेमरी: कोल्हापुरातल्या एका डेटा लॉगरचं प्रकरण

फाउंड्रीत बसवलेल्या एका लिनक्स यंत्राच्या कर्नल ड्रायव्हरमध्ये आम्हाला सापडलेल्या दोषाची ही हकीगत आहे. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे त्यातला हार्डवेअर हाताळणारा भाग. ग्राहक, कारखाने आणि माणसं ओळखू येतील अशा खुणा काढून टाकल्या आहेत. तांत्रिक भाग मात्र घडला तसाच ठेवला आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्या कुणालाही यातली किमान एक चूक आपल्या कोडमध्ये सापडेल, असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

आमचं काम शिवाजी उद्यमनगरातून चालतं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांना आम्ही एक डेटा लॉगर देतो. इंडक्शन फर्नेसचा करंट, पंपांची कंपनं आणि सँड प्लँटच्या मोटारींचा लोड यांची तो सतत नोंद ठेवतो. आत ३२ बिटचा एआरएम प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम असलेला बोर्ड आहे. कर्नल बोर्डवाल्यांकडून आलेला, ४.१ मालिकेतला. ही मालिका २०१५ ची. बोर्डासोबत आलं ते तसंच वापरत राहिलो.

सोळा चॅनेल, प्रत्येकाचे सेकंदाला ५०,००० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटचा. म्हणजे सेकंदाला १६ लाख बाइट. हे नमुने डीएमएमार्फत, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट रॅममधल्या एका गोल बफरमध्ये पडतात. बफर १ एमबीचा, म्हणजे ४,०९६ बाइटची २५६ पेजेस, आणि त्याच्या आधी एक हेडर पेज. एकूण २५७. आलेख दाखवणारा प्रोग्रॅम हा बफर एममॅप करून, म्हणजे कर्नलची ती पेजेस आपल्या पत्त्यांवर जोडून घेऊन, थेट वाचायचा. हेडर पेजवर दोन आकडे असायचे: ड्रायव्हरने कुठपर्यंत लिहिलं आणि प्रोग्रॅमने कुठपर्यंत वाचलं.

ड्रायव्हर मी लिहिला होता. त्याचं एममॅपचं फंक्शन जेमतेम सात-आठ ओळींचं होतं. बफरच्या पहिल्या पेजचा क्रमांक घ्यायचा, त्यात मागणाऱ्याने दिलेला ऑफसेट, म्हणजे सुरुवातीपासून किती पुढे ते, मिळवायचा आणि रिमॅप-पीएफएन-रेंज या कर्नलच्या फंक्शनला सांगायचं की इथून पुढची मागितली तेवढी पेजेस जोडून दे.

अडचण कशी दिसली

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्याकडे इंटर्न होती. बफर फाईलमध्ये उतरवणारा छोटा प्रोग्रॅम तिला लिहायला दिला होता. १०,४८,५७६ लिहिताना तिच्या हातून शेवटी एक जादा शून्य पडलं आणि आकडा झाला १,०४,८५,७६०. एक एमबीऐवजी दहा एमबी. प्रोग्रॅम कुठेही न अडता चालला आणि दहा एमबीची फाईल तयार झाली.

तिने ती हेक्समध्ये, म्हणजे एकेक बाइट आकड्यात दाखवणाऱ्या रूपात, उघडली. पहिल्या एमबीत नमुन्यांचे आकडे होते, पुढे बराच वेळ नुसती शून्यं होती. त्यानंतर उजवीकडच्या रकान्यात वाचता येणारी अक्षरं दिसायला लागली. तिने मला हाक मारली. "सर, ह्यात आपल्या वाय-फायचा पासवर्ड कसा काय दिसतोय?"

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. यंत्राची नेटवर्क सेटिंगची फाईल जशीच्या तशी तिथे होती. आणखी खाली गेलो तर वेब पानाच्या लॉगिनचे तुकडे होते, त्याखाली कुठल्या तरी प्रोग्रॅमचा स्टॅक, म्हणजे त्याची चालू कामाची मेमरी. आमचा बफर सीएमएच्या, म्हणजे सलग मोठ्या तुकड्यांसाठी ठेवलेल्या, राखीव भागातून घेतलेला असतो. तो भाग रिकामा असला की कर्नल तिथे इतर प्रोग्रॅमची आणि फाईल कॅशची हलवता येणारी पेजेस ठेवतो. त्यामुळे बफरच्या कुंपणापलीकडे लगेच दुसऱ्यांची घरं होती.

रिमॅप-पीएफएन-रेंजला पेज कुणाचं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. ड्रायव्हर सांगेल ते पेज तो जोडतो. हद्द बघणं हे ड्रायव्हरचं काम, आणि माझ्या सात-आठ ओळींत ते कुठेच नव्हतं.

तिने मेमरी नुसती वाचली होती. पण ड्रायव्हरचा डिव्हाइस नोड (प्रोग्रॅम ज्या विशेष फाईलमार्फत ड्रायव्हरशी बोलतो ती) लिहिण्यासाठीही उघडत होता. कुठलाही साधा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोसेसची, अगदी कर्नलचीसुद्धा पेजेस बदलू शकत होता. आपल्याच प्रोसेसच्या ओळखपत्राची रचना रॅममध्ये शोधून तिथला युजर क्रमांक शून्य केला की तो प्रोग्रॅम रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, झाला.

धोका किती मानायचा

इथे पहिला खरा निर्णय होता. माझे भागीदार, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, धंद्याची बाजू बघतात. त्यांचा प्रश्न रास्त होता: "बॉक्स फाउंड्रीच्या पॅनेलमध्ये बंद असतो. त्याच्या आत दुसरा प्रोग्रॅम चालवायला येणार कोण?"

उत्तर शोधायला मी डिव्हाइस नोडच्या परवानग्या पाहिल्या. ०६६६. म्हणजे यंत्रावरच्या कुठल्याही युजरला वाचायची आणि लिहायची मुभा. हे कधी झालं तेही आठवलं. पहिल्या बसवणीच्या रात्री आलेख प्रोग्रॅमला परवानगी नाकारली जात होती, फर्नेस सुरू करायची वेळ जवळ आली होती आणि मी युडेव्हच्या (नोड तयार करणाऱ्या सेवेच्या) नियमात ०६६६ लिहून मोकळा झालो होतो. रात्रीपुरती केलेली ती सोय पुढच्या प्रत्येक यंत्रात गेली.

याच यंत्रावर एक वेब पान चालतं. त्यावरून सेटिंगची फाईल चढवता येते, आणि काही कारखान्यांनी ते पान राउटरमधून बाहेरही उघडं केलं होतं. पानाचा प्रोग्रॅम कमी अधिकाराच्या युजरखाली चालत होता, एवढ्यावर आमची भिस्त. पण त्या पानातली लहानशी चूकही कुणाला सापडली असती, तर नोडमार्फत अख्खं यंत्र त्याच्या हातात गेलं असतं. आणि हे यंत्र फाउंड्रीच्या नेटवर्कवर पीएलसीच्या, म्हणजे मशिनरी चालवणाऱ्या नियंत्रकाच्या, शेजारी बसलेलं असतं.

डिसेंबर २०१२ मध्ये एक्झिनॉस चिप असलेल्या काही फोनमध्ये नेमकं हेच उघड झालं होतं. सगळी भौतिक मेमरी दाखवणारा एक नोड, परवानगी सगळ्यांना, आणि कुठलंही ॲप रूट. सुरक्षा-दोषांच्या सीव्हीई यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१२-६४२२. मी ते त्या वेळी वाचलंही होतं. आमच्या कर्नलमध्ये डेव्ह-मेमवर (अख्खी मेमरी दाखवणाऱ्या लिनक्सच्या नेहमीच्या नोडवर) बंधन घालणारा पर्याय चालू होता, म्हणून मी निर्धास्त होतो. ते बंधन फक्त डेव्ह-मेमला लागू होतं. माझ्या ड्रायव्हरने त्याच्या शेजारीच दुसरं दार उघडलं होतं.

दादांना मी तो हेक्स दाखवला. पासवर्ड वाचल्यावर ते म्हणाले, "नवी डिलिव्हरी थांबव. बाकीचं उद्या बोलू."

कोणते मार्ग होते

चार मार्ग समोर होते. पहिला नोडची परवानगी आवळण्याचा: खास गट करायचा आणि ०६६० ठेवायचं, म्हणजे मालक आणि तो गट सोडून कुणालाच मुभा नाही. हे दहा मिनिटांचं काम, पण हद्दीचा दोष तसाच राहतो. आलेख प्रोग्रॅम फसला की पुन्हा सगळं उघडं.

दुसरा, एममॅपच्या फंक्शनमध्ये आपल्या हाताने हद्द तपासण्याचा. तिसरा, रिमॅप-पीएफएन-रेंज काढून डीएमए-एममॅप-कोहेरंट वापरण्याचा. ते बफरचा आकार माहीत असल्यामुळे हद्द स्वतः तपासतं आणि पेजेसना बफरशी जुळणारे कॅशचे (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीचे) गुणधर्मही देतं. चौथा, एममॅपच काढून साधं रीड द्यायचं. कर्नल नमुने कॉपी करून देईल, मेमरी वाटून घ्यायचा प्रश्नच उरणार नाही.

चौथा मार्ग मी त्या बैठकीत फार लवकर बाजूला सारला. "कॉपीने वेग जाईल," एवढंच म्हणालो. मोजलं नाही. याकडे शेवटी परत येतो.

ठरलं असं की पहिला त्याच दिवशी आणि तिसरा नीट चाचण्या करून. सोबत आपलीही तपासणी ठेवायची, म्हणजे नकाराची नोंद लॉगमध्ये राहील.

दुरुस्ती, आणि तीत निघालेल्या आणखी तीन गोष्टी

तपासणीचा माझा पहिला मसुदा सरळ होता: ऑफसेट बाइटमध्ये करा, त्यात मागितलेला आकार मिळवा, बेरीज बफरपेक्षा मोठी असेल तर नकार द्या. वाचायला अगदी बरोबर. इंटर्नने कागद-पेन घेतलं आणि विचारलं, "सर, ऑफसेट खूप मोठा दिला तर?"

आम्ही मांडून पाहिलं. ऑफसेट कर्नलकडे पेजमध्ये येतो. समजा तो १०,४८,५७५ आहे. ४,०९६ ने गुणल्यावर ४,२९,४९,६३,२००. त्यात एका पेजचा आकार मिळवला की ४,२९,४९,६७,२९६. हा आकडा ३२ बिटात मावत नाही आणि बेरीज होते शून्य. शून्य काही बफरपेक्षा मोठं नाही, त्यामुळे तपासणी पास. जोडलं जातं ते बफरच्या लगेच आधीचं पेज. ऑफसेट थोडा कमी आणि आकार त्या प्रमाणात मोठा दिला की हवं तितकं मागे जाता येतं. म्हणजे माझ्या दुरुस्तीने पुढचं दार लावलं असतं आणि मागचं उघडं राहिलं असतं.

ही चूक जुनी आहे. स्क्रीनचं चित्र ठेवणाऱ्या फ्रेमबफरच्या एममॅपमध्ये अशीच उलटणारी बेरीज होती, सीव्हीई-२०१३-२५९६. त्याच वर्षी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी व्हीएम-आयोमॅप-मेमरी नावाचं मदतनीस फंक्शन आणलं, ते याचसाठी की प्रत्येक ड्रायव्हरवाल्याने हा हिशेब स्वतः करून चुकू नये. पुढे मे २०१८ मध्ये मुख्य कर्नलच्या एममॅपमध्येच ऑफसेटला सर्वसाधारण मर्यादा घातली गेली, ४.१७ च्या वेळी. आमच्या कर्नलमध्ये ती नव्हती, म्हणून आमच्याकडे ही युक्ती चालली.

अंतिम तपासणीत बेरीज ठेवलीच नाही. सगळा हिशेब पेजमध्ये केला. ऑफसेट २५७ किंवा जास्त असेल तर नकार. मागितलेली पेजेस २५७ वजा ऑफसेटपेक्षा जास्त असतील तर नकार. पहिल्या अटीमुळे दुसरीतली वजाबाकी कधी शून्याखाली जात नाही, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

दुसरी गोष्ट हेडर पेजची. "इथपर्यंत वाचलं" हा आकडा प्रोग्रॅम लिहायचा, आणि माझा ड्रायव्हर तोच आकडा उचलून थेट बफरमधली जागा ठरवायला वापरायचा. प्रोग्रॅमने वाटेल ते लिहिलं तर कर्नल वाटेल तिथे जाईल. हद्द कितीही घट्ट केली तरी हे भोक राहिलंच असतं. म्हणून मॅपिंग (एममॅपने केलेली जोडणी) फक्त वाचण्यापुरतं केलं आणि तो आकडा आयऑक्टलने, म्हणजे ड्रायव्हरला थेट आज्ञा देणाऱ्या कॉलने, द्यायचा ठरवला, म्हणजे ड्रायव्हर तो आधी तपासू शकेल. नुसतं "लिहिण्यासाठी मागितलं तर नाही म्हण" एवढं पुरत नाही. नोड वाचा-लिहा असा उघडून मॅपिंग वाचण्यापुरतं घेतलं आणि मागाहून एमप्रोटेक्टने (मॅपिंगची परवानगी बदलणाऱ्या कॉलने) लिहिण्याची परवानगी मागितली, तर कर्नल देतो. ते अडवायला मॅपिंगवरचा "पुढे लिहिता येईल" हा फ्लॅगही काढावा लागतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत आडवाटेची. नमुन्यांचा वेग बदलला की ड्रायव्हर जुना बफर सोडून नवा घ्यायचा. पण जुन्या बफरचं मॅपिंग प्रोग्रॅमकडे तसंच राहायचं. रिमॅप-पीएफएन-रेंजने जोडलेल्या पेजेसवर कुणी हक्काची नोंद ठेवत नाही. पेजेस सुटली, कर्नलने ती दुसऱ्याला दिली आणि आमचा प्रोग्रॅम अजून त्यांच्याकडे बघतोय, अशी स्थिती. उपाय म्हणून मॅपिंगची मोजणी ठेवली. मोजणी शून्य नसेल तर बफर बदलायला नकार.

इथे मी पुन्हा चुकलो. मोजणी वाढवणं मॅपिंगच्या ओपन या फंक्शनमध्ये आणि कमी करणं क्लोजमध्ये ठेवलं. पहिल्याच चाचणीनंतर यंत्र कायमचं "व्यस्त" म्हणायला लागलं. मोजणी छापून पाहिली तर उणे एक. कर्नल ओपन बोलावतो ते फोर्क झाल्यावर (प्रोसेसची दुसरी प्रत निघाल्यावर) किंवा मॅपिंगचे तुकडे पडल्यावर. पहिल्या एममॅपला बोलावत नाही. ती पहिली वाढ एममॅपच्या फंक्शनमध्येच करायची असते. हे लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं.

चाचण्या

इंटर्नने चाचण्यांची यादी केली आणि ती मला दुरुस्तीइतकीच मोलाची वाटते. एक पेज, बरोबर २५७, २५८, शेवटच्या पेजपासून एक, शेवटच्या पेजपासून दोन, उलटणारा ऑफसेट, एमप्रोटेक्टने लिहिण्याची मागणी, एमरीमॅपने मॅपिंग वाढवणं, फोर्क करून पोरगी प्रोसेस जिवंत ठेवणं, मधलंच पेज सोडणं, मॅपिंग असताना वेग बदलणं. जुन्या ड्रायव्हरवर यातल्या ज्या ज्या चुकीच्या मागण्या पास होत होत्या, त्या समोर तिने लाल पेनाने खूण केली. नव्यावर प्रत्येकीला नकार आला पाहिजे होता, आणि आला.

बसवणी

चाळीसच्या आसपास यंत्रं, आणि दुरून अपडेट करायची सोय नाही. प्रत्येक ठिकाणी जाऊन सॉफ्टवेअर असलेलं कार्ड बदलायचं. वर पावसाळा तोंडावर. पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ महामार्ग बंद होतो. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी झाला. म्हणून नदीपलीकडची शिरोलीची यंत्रं आधी घेतली, गोकुळ शिरगाव आणि कागल नंतर. फर्नेस बंद असण्याच्या वेळा प्रत्येक कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्यांशी फोनवर ठरवल्या.

ग्राहकांना काय सांगायचं, हा दुसरा मोठा निर्णय. दादांना "नियमित अपडेट" असं म्हणायचं होतं. माझं म्हणणं होतं की ज्यांनी वेब पान बाहेर उघडं ठेवलंय त्यांना तरी कारण कळलंच पाहिजे, नाहीतर ते आज राउटर का बंद करतील? शेवटी सगळ्यांना एक पानी पत्र दिलं: दोष काय होता, कुणाला धोका, कार्ड बदलेपर्यंत काय करायचं, आणि नंतर सगळे पासवर्ड बदला. एका फाउंड्रीच्या मालकांनी पत्र वाचून फोन केला. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, "साहेब, कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघालं तर आम्ही पार्टीला आधी सांगतो. तुम्ही सांगितलं, बरं केलं. पोरगं कधी पाठवताय तेवढं बोला."

काय झालं

बहुतेक ठिकाणी काम सुरळीत पार पडलं. एका ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी मेंटेनन्सच्या मामांचा फोन आला: "आमचा मोठा स्क्रीन काळा पडलाय बघा." तिथे त्यांनी स्थानिक प्रोग्रॅमरकडून वेगळा आलेख करून घेतला होता. तो फक्त वाचायचा, पण त्याने सोयीसाठी सरसकट २ एमबी मॅप केले होते. जुना ड्रायव्हर देत होता, नव्याने नकार दिला. "तेवढ्यापुरती हद्द वाढवूया का?" असं आमच्याच ऑफिसात कुणीतरी विचारलं. मी ठाम नाही म्हणालो. त्या प्रोग्रॅमरला लॉगमधली ओळ पाठवली, त्याने एक आकडा बदलला, दुपारी स्क्रीन चालू. पण अर्धा दिवस त्या माणसांना आलेखाशिवाय फर्नेस चालवावी लागली, आणि तो दोष आमचाच.

एक जुनं कोडंही सुटलं. आलेखात अधूनमधून तेच नमुने दोनदा दिसायचे. आम्ही दोन वर्षं सेन्सरच्या वायरी बदलत होतो. कारण असं की माझं जुनं मॅपिंग कॅशमधून वाचत होतं आणि डीएमए थेट रॅममध्ये लिहीत होतं. प्रोग्रॅमला कॅशमधली शिळी प्रत मिळायची. डीएमए-एममॅप-कोहेरंटने गुणधर्म जुळवले आणि ते थांबलं.

त्याची किंमतही दिसली. कॅशशिवाय वाचन हळू होतं आणि आलेख प्रोग्रॅमचा सीपीयूवरचा भार वाढला, कारण तो एकेक नमुना चार-चार वेळा वाचायचा. आधी आख्खा तुकडा आपल्या मेमरीत कॉपी करून मग त्यावर काम, असा बदल केल्यावर भार खाली आला.

आज केलं असतं तर

तो कॉपीचा बदल करताना मला बैठकीतलं माझं वाक्य आठवलं. वेग जाईल म्हणून मी रीड नाकारलं होतं, आणि आता प्रोग्रॅम तीच कॉपी स्वतः करत होता. मग मोजलं. सेकंदाला १६ लाख बाइटची कॉपी या बोर्डाला जाणवतही नाही. एममॅपची गरज पहिल्या दिवसापासून नव्हती. वेगवान ड्रायव्हर म्हणजे एममॅप, ही माझी सवय होती, आणि त्या सवयीमुळे हद्द, हेडर, बफरचं आयुष्य आणि कॅश अशा चार जबाबदाऱ्या मी ओढवून घेतल्या, ज्यांतली एकही मी पार पाडली नव्हती. मेमरी वाटून द्यायचीच असेल तर आधी आकडा काढावा, असं आता मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

बसवणीचा क्रमही बदलला असता. आधी दोन आठवडे नकार न देता फक्त लॉगमध्ये ओरडणारा ड्रायव्हर दोन-चार विश्वासातल्या ठिकाणी ठेवला असता, वेब पान आतल्या नेटवर्कपुरतं करून. २ एमबी मागणारा तो प्रोग्रॅम तिथेच दिसला असता आणि मामांचा स्क्रीन काळा पडला नसता. याला विरोधी मुद्दा आहे: दोष माहीत असताना तो पंधरा दिवस उघडा ठेवायचा का? ०६६० लागू झाल्यावर आणि पान बंद केल्यावर मी ठेवला असता. दादा आजही म्हणतात, ठेवायला नको.

कर्नलचं जुनेपण हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. नव्या बोर्डावर नवा दीर्घकालीन कर्नल घेतला आहे. तिथे मॅपिंगचे फ्लॅग थेट बदलता येत नाहीत, ६.३ पासून त्यासाठी वेगळी फंक्शनं आहेत, त्यामुळे लिहिण्याचा फ्लॅग काढणारी ती ओळ बदलावी लागली असती. पण नव्या ड्रायव्हरमध्ये ती ओळच नाही. त्यात एममॅपचं फंक्शन नाही, फक्त रीड आहे, आणि नोडची परवानगी ०६४०. इंटर्न आता आमच्याकडे कामाला आहे. तिच्या चाचण्यांची ती लाल खुणांची यादी टेस्ट बेंचच्या वर चिकटवलेली आहे आणि प्रत्येक नवं कार्ड पॅनेलमध्ये जायच्या आधी तिच्याखालून जातं.